शेवळं दादरला, मंचुरियन आम्हाला

तक्रार छोटी आहे, पण रोजची आहे. उंबरमाळीच्या माणसाला आसनगाव लोकलचा काही उपयोग नाही. आमचं स्टेशन त्यापुढचं चौथं. कसारा लोकल चुकली की पुढच्या कसाऱ्याची वाट बघत कल्याणला ताटकळायचं. ती मिळाली तरी वेळेचा भरवसा नाही. मागून मेल आली की लोकल उभी राहते आणि नाशिककडची गाडी धाडधाड पुढे निघून जाते. तिसऱ्या मार्गिकेचं काम वर्षानुवर्षं चालूच आहे. 2021 च्या जुलैत उंबरमाळीचे रूळ पाण्याखाली गेले, तेव्हा हे नाव बातम्यांत आलं. एरवी आमची आठवण कुणाला होत नाही.

असा रखडत प्रवास करून भुकेल्या पोटी बाजारात उतरावं, तर नाक्यावर चायनीजच्या गाड्या. कढईत लालभडक मंचुरियन, बाजूला शेजवान चटणी. हे मंचुरियन चीनमधून आलेलं नाही. 1975 मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते पहिल्यांदा केल्याचं श्रेय नेल्सन वँग यांना दिलं जातं. गाडीवर उभा असलेला पोरगा आपल्याच गावचा आहे, त्याचं पोट त्यावर चालतं. त्याच्यावर माझा राग नाही.

राग याचा आहे की, पहिला पाऊस पडला की आमच्याकडच्या ठाकूर-कातकरी बाया पहाटेच्या लोकलने शेवळं या रानभाजीच्या जुड्या घेऊन कल्याण, ठाणे, दादरच्या बाजारात जातात. जुडीबरोबर काकड्याची फळं देतात, कारण त्यांच्या रसाशिवाय शेवळं घशाला खाजतात. शेवळाचं आवरण सोलायचं, आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरून काकड्याच्या रसात शिजवायचं आणि सोडे घालायचे. या भाजीसाठी मुंबईची माणसं वर्षभर वाट बघतात. आणि ती जिथल्या रानात उगवते, तिथल्या हॉटेलात मागितली तर वेटर पनीरचे प्रकार सांगतो. तांदळाची भाकरी मागावी, तर तंदुरी रोटी येते. शहापूर आणि मुरबाड हे भाताचे तालुके, तरी ही गत. मुरबाडला तर रेल्वेही नाही. एसटीने हेलकावे खात पोचावं, तर स्टँडबाहेर तेच मंचुरियन. भारंगी, कुर्डू, टाकळा, कर्टोली घराघरांत शिजतात, पण वाटसरूच्या ताटात येत नाहीत. आपल्या जेवणाची आपल्यालाच लाज वाटावी, हे मला सहन होत नाही.

हॉटेलवाल्यांनो, पावसाळ्यापुरती तरी फळ्यावर एक रानभाजी आणि तांदळाची भाकरी लिहा. भाजी त्याच बायांकडून रोख पैसे देऊन घ्या, म्हणजे त्यांचा दादरपर्यंतचा हेलपाटा वाचेल. आणि महामार्गाने नाशिकला जाणाऱ्यांनो, शहापूर-खर्डीच्या बाजूला जेवायला थांबलात, तर पनीर मागवण्याआधी एकदा विचारा, "आज रानभाजी कुठली आहे?" गिऱ्हाईक विचारू लागलं, की मालक शिजवू लागतो.