वरूनच गेलंय

लोणावळ्यात केबल गेली की पलीकडून फोन उचलेपर्यंत निदान तयार असतं. "वरूनच गेलंय, काका." हे 'वर' म्हणजे नक्की कुठं, ते तुंगार्लीपासून भांगरवाडीपर्यंत अजून कुणाला कळलेलं नाही. पाऊस वरून येतो, वायर कुरतडणारी माकडंही वरूनच येतात. वाद घालणार कसा?

तरी केबलवाला येतो. रेनकोट निथळतोय, हँडलला काळ्या वायरचं भेंडोळं. टीव्हीकडे न बघताच विचारतो, "शेजारी दिसतंय का?" यात भोचकपणा नाही, शास्त्र आहे. शेजारी दिसत असेल तर बिघाड आपल्या वायरीत. नसेल तर खांबावरच्या अॅम्प्लिफायरपाशी किंवा त्याच्याही मागे. (शेजाऱ्यांचंही गेलंय म्हटल्यावर आपल्याला निम्मं बरं वाटतं, ते निराळं.)

सिग्नलचा मीटर त्याच्याकडे आहे. पिशवीत. आकडा कमी आला तर मीटरचा सेल उतरलेला असतो, बरोबर आला तर तुमचा टीव्ही बिघडलेला असतो. त्याची भिस्त दातांवर. दातांनी वायरचं काळं साल काढतो, जाळी मागे दुमडतो, पांढरा फोम सोलून मधली तार मोकळी करतो. जाळीतला केसाएवढा एक तंतू त्या तारेला टेकलेला असतो. एवढ्यानं सगळं शॉर्ट! नखानं तो उडवताना तो माझ्याकडे असा बघतो, की तंतू मीच ठेवला असावा.

पण पावसाळ्यातला खरा गुन्हेगार गच्चीवरचा जॉइंट. टेप सोडली की आतून पाणी आणि हिरवा गंज. "कुणी केलाय हा जॉइंट?" तो कडाडतो. "मागच्या श्रावणात तुम्हीच," सौ. सांगतात. "तेव्हा टेप चांगली यायची, वहिनी."

पूर्वी त्याचं बरं होतं. सिग्नल उतरला तर पडद्यावर मुंग्या यायच्या, पण मालिका चालू राहायची. तक्रार आठवडाभर ढकलता यायची. 2011 च्या कायदादुरुस्तीनंतर टप्प्याटप्प्यानं सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि ही सवलत संपली. डिजिटलला मुंग्या माहीत नाहीत. आधी चौकोन, मग थेट काळा पडदा. त्यात आपण बेडरूमसाठी स्प्लिटर लावून घेतलेला असतो. दोन टीव्हींच्या वाटणीत प्रत्येकाला निम्म्याहूनही कमी सिग्नल मिळतो, आणि नेमका मालिकेच्या वेळी तो अपुरा पडतो.

"सध्या तात्पुरतं जोडलंय. पाऊस उघडला की पक्कं करू." पाऊस उघडतो तोवर दिवाळी येते, मुंबईकरांचे बंगले गजबजतात आणि आमच्याकडे तो फक्त महिन्याचे पैसे न्यायला येतो.