सरकारचा विचार चालू आहे

आमच्या गल्लीत त्याला सरकार म्हणतात. कोल्हापुरात सरकार व्हायला संस्थान लागत नाही. एक बुलेट, कडक इस्त्रीचा शर्ट आणि चौघांच्या चहाचे पैसे द्यायची दानत एवढं पुरतं, आणि याच्याकडे तिन्ही आहेत. शिक्षण बी. ई. कॉम्प्युटर, नोकरी गावातल्याच एका छोट्या कंपनीत, आणि मुख्य उद्योग बेंगळुरूला जाणं. म्हणजे जायचं ठरवणं.

हा इसम हल्ली प्रत्येक जिल्ह्याच्या गावी सापडतो. सोलापुरात तो हैदराबादला निघालेला असतो, नाशकात दिल्लीला. निघालेला म्हणजे निघायच्या बेतात. त्याला ओळखायचं सोपं आहे. "मी जाऊ का?" असं तो कुणालाच विचारत नाही. तो म्हणतो, "आपण जाऊया." एकवचनात त्याला काही सुचतच नाही. बेंगळुरूच्या एका कंपनीनं फोनवर मुलाखत घेऊन सरकारला विचारलं, इकडे यायला किती दिवस लागतील? हा म्हणाला, "विचारून सांगतो." पलीकडच्या बाई समजूतदार असाव्यात. म्हणाल्या, "हो, घरी विचारून घ्या." यानं प्रामाणिकपणे खुलासा केला, "घरी न्हवं मॅडम, कट्ट्यावर." त्यानंतर त्या कंपनीचा फोन आला नाही.

पुण्याला का नको, असं मी एकदा विचारलं. सरकारनं माझ्याकडे फार दयेनं बघितलं. "दादा, पुणं म्हणजे काय परगाव हाय का? सिंहगड रोडला आत्या, कोथरूडला मावशी, हडपसरला चुलतभाऊ. तिथं सिगारेट पेटवली तर धूर हितं आमच्या सोप्यात निघतोय." मुद्दा बिनतोड होता. त्याला असं शहर हवं होतं जिथं त्याला कुणी ओळखत नाही. फक्त तिथं त्याला अनोळखी माणूस भेटता कामा नये. म्हणून हा चौघांचा बंदोबस्त.

चौघं म्हणजे सरकार, क्लासमध्ये गणित शिकवणारे एक सर, वडिलांचं मेडिकल सांभाळणारा बंटी आणि बारक्या. रंकाळ्याला संध्यामठाच्या बाजूला यांची बैठक बसते. बारक्या फारसं बोलत नाही. तो चहाचे रिकामे ग्लास गोळा करून टपरीवर नेऊन देतो.

या बैठकीत बेंगळुरूच्या बाजूनं जो युक्तिवाद झाला तो मी स्वतः ऐकलेला आहे. सरकारनं सुरुवातच शहाजीराजांपासून केली. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेनं बेंगळुरू घेतलं आणि ते राजांकडे जहागिरीत आलं. "आता सांगा, राजे एकटे गेले का? फौज घिऊन गेले. म्हणजे ग्रुपच की!" सर म्हणाले, "आणि पुढं व्यंकोजीराजांनी तेच शहर म्हैसूरकरांना तीन लाखांना विकायची बोलणी लावली, ते पण सांग." यावर सरकार क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "तीन लाखांत आता इंदिरानगरात दोन खोल्यांचं डिपॉझिट भागतंय फक्त. घाई केली राजांनी."

मग रजनीकांत आला. बेंगळुरूच्या मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड, तिथंच सिटी बसवर कंडक्टर होता, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही माहीत असतं. सरकारचं म्हणणं, आपल्या माणसाला ते शहर मानवतं. सरांनी इथंही फाटा फोडला. शिवाजीरावाला नट व्हायला मद्रासला धाडलं ते त्याच्या बसच्या ड्रायव्हरनं, पदरचे पैसे घालून. तो मित्र स्वतः मागं राहून बस चालवत राहिला. "दोघं मिळून जाऊया म्हणून बसले असते, तर रजनीकांत आज बीएमटीसीची पेन्शन खात असता."

शेवटी इन्फोसिस निघाली. ती निघतेच. १९८१ मध्ये सात इंजिनिअरांनी पुण्यात काढलेली कंपनी १९८३ मध्ये बेंगळुरूला गेली. सरकारच्या मते हा पुरावा निर्णायक होता, कारण आकडा सात होता. "ते सात होते, आपण चार हाय. मग निम्मी तरी इन्फोसिस हुईल का न्हाई?" गणिताच्या सरांनी हे गणित सोडून दिलं.

आणखी एक भक्कम आधार म्हणजे मराठहळ्ळी. बेंगळुरूत या नावाचा मोठा आयटीचा भाग आहे हे नकाशात सापडलं, त्या दिवशी सरकारनं सगळ्यांना भेळ दिली. नावच तसं आहे म्हटल्यावर तिथं आपलेच लोक असणार. ते नाव कशावरून पडलं असेल यावर बंटीनं शंका काढली, तर त्याला भेळेतली पुरी देण्यात आली नाही.

पण या सगळ्या प्रकरणाचा कळस पाहायचा तर हिशेबाची रात्र पाहायला हवी होती. कुणाच्या तरी लग्नपत्रिकेची मागची बाजू पसरून सरकारनं जमाखर्च मांडला. बेंगळुरूत घरमालक डिपॉझिट घेतो ते पूर्वापार दहा महिन्यांचं, हल्ली काही ठिकाणी पाच-सहावर तयार होतात, आणि घर सोडताना रंगकामाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापून घेतात, हे त्याला तोंडपाठ होतं. बॅचलर पोरांना घर मिळत नाही हेही माहीत होतं. त्यावर तोडगा म्हणून आपल्यापैकी एकानं आधी लग्न करावं असा ठराव आला आणि उमेदवार न मिळाल्यानं बारगळला. पाणी कावेरीचं की बोअरचं, टँकर कितीला, गॅसची टाकी कुणाच्या नावावर, कुकर कुणाच्या घरचा, बुलेट रेल्वेनं धाडायची की चालवत न्यायची, सगळं लिहिलं. पत्रिकेत नवरदेवाच्या मामांची नावं होती ती जागासुद्धा खर्चात गेली.

मग खोल्या वाटून घ्यायची वेळ आली. दोन बेडरूम, एक हॉल. एका बेडरूमला आतून बाथरूम. सरकार म्हणाला, ती माझी, मला पित्ताचा त्रास हाय. सर म्हणाले, मला पहाटे पाचला उठायची सवय आहे. बंटी म्हणाला, औषधं मी आणणार, ते विसरू नका. आवाज चढले. आजूबाजूची मंडळी चौपाटीवर फिरायची सोडून यांच्याकडे बघायला लागली. बंटी उठून गेला तो गेलाच, पुढे पंधरा दिवस सरकार आणि तो एकमेकांशी बोलत नव्हते. ज्या घरात हे बाथरूम होतं ते कुठल्या भागात आहे हे अजून ठरलेलं नव्हतं. तिकडची नोकरी तर चौघांपैकी एकालाही लागलेली नव्हती. पण भांडण अगदी खरं झालं. मी समेट करायला गेलो तर सरकारच्या डोळ्यांत पाणी. म्हणाला, "दादा, माणूस परगावी गेल्यावरच कळतंय."

दुसरी आघाडी घरची. चारही आया एकमेकींना ओळखतात, आणि त्यांनी आपसांत जी व्यवस्था लावली होती तिला तोड नाही. सरकारच्या आईनं सांगितलं, बंटी जात असेल तर जा. बंटीच्या आईनं फोन केला, "वहिनी, सर चालल्यात का? ते आसले की आमाला काळजी न्हाई." सरांच्या आईनं बारक्यावर भरवसा टाकला, कारण तो शांत आहे. आणि बारक्याच्या आईचं म्हणणं, सरकारसारखा धाडसी पोरगा बरोबर असेल तरच. असं हे वर्तुळ पुरं झालं आणि घरोघरी परवानगी मिळूनही कुणालाच मिळाली नाही.

आता, घोळक्यानं परगावी जाण्यात हसण्यासारखं काही नाही, हे मला मान्य आहे. आपला सगळा मुलूख तसाच बाहेर पडला. सातारा-कोल्हापूरकडची माणसं मुंबईच्या गिरणगावात गेली ती गावकीच्या खोल्यांत. एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारी वीस-पंचवीस डोकी आणि सगळ्यांच्या ट्रंका भिंतीला. विट्याकडची पोरं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात केरळात, तमिळनाडूत, पार दिल्लीपर्यंत पसरली. मिसरूड फुटायच्या आत पोराला रेल्वेत बसवायचे, पलीकडच्या स्टेशनावर गावचा कुणीतरी उभा असायचा. पण त्या लोकांनी गाडी आधी पकडली. आतून बाथरूम असलेल्या खोलीवर भांडायला त्यांच्याकडे मुळात तशी खोलीच नव्हती. सरकारला मी हे ऐकवलं तर त्याला ते फार पटलं. "तेच म्हणालोय मी. पलीकडं आपला कोणतरी उभा पायजे."

तारखा मात्र ठरायच्या. नाही असं नाही. पण शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम चालू असताना गाव सोडणं शक्य आहे का? पाटाकडीलची मॅच बेंगळुरूत बसून मोबाइलवर बघायची? त्यात जोतिबाची चैत्र यात्रा, मग लग्नसराई. जुलै लागला की पंचगंगा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे कोल्हापूरकराच्या रक्तात असतात, आणि पाणी चढत असताना बाहेर पडणारा गद्दार ठरतो. शिवाय २०१९ आणि २०२१ ला हायवेच बंद झाला होता, यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी रस्त्यावर. निघालोच आणि मध्येच अडकलो तर? पाणी उतरलं की गणपती, गणपती झाले की दसरा. दिवाळीत कुणी घर सोडत नाही. एका वर्षी सगळं जमून आलं तर सीमाभागात तणाव होऊन दोन्हीकडच्या एसटी थांबल्या. सरकारनं जाहीर केलं की सीमाप्रश्न मार्गी लागू दे, मग बघू. तो १९५६ पासून चालू आहे याची आठवण सरांनी करून दिली, तेव्हा सरकारचा चेहरा कमालीचा समाधानी दिसला.

आणि मग एका संध्याकाळी बारक्या ग्लास ठेवून परत आला आणि म्हणाला, "उद्या रात्री गाडी हाय माझी."

"कुठली गाडी?"

"बेंगळुरूची. सोमवारी जॉइन व्हायचंय."

सरकारला पहिल्यांदा वाटलं चेष्टा आहे. मग तो म्हणाला, "आणि आमी?" या प्रश्नाला बारक्यापाशी उत्तर नव्हतं. तो बिचारा परत गप्प बसला. मुलाखत कधी दिलीस, कुणाला विचारलंस, आईनं कसं सोडलं, या चौकशा रात्री अकरापर्यंत चालल्या. आईला त्यानं एवढंच सांगितलं होतं की बाकीचे मागनं येतायत.

निरोपाला मात्र सरकारसारखा माणूस नाही. हायवेला बस यायच्या आधी तासभर तो तिथं हजर. एका हातात किलोभर घरची चटणी, दुसऱ्या हातात ती लग्नपत्रिका. बस आल्यावर ड्रायव्हरला गाठून सांगितलं, "मामा, पोरगं नवीन हाय, मॅजेस्टिकला नीट उतरवा." बारक्याला मडिवाळ्याला उतरायचं होतं. तो तसं तीनदा म्हणाला, पण त्याचं ऐकायची कुणालाच सवय नव्हती.

महिन्याभरानं सरकार मला रस्त्यात भेटला तो दुखावलेला. बारक्याला बीटीएम लेआउटला जागा मिळाली होती आणि त्यानं दोन जोडीदार घेतले होते. एक केरळचा, एक ओडिशाचा. "दादा, आमच्या जागंवर बालेश्वरचं पोरगं ठेवलंय त्यानं! माझ्या खोलीत! बाथरूम पण आतनंच हाय म्हणं."

शेवटी सरकार बेंगळुरूला गेला. पाहणी करायला, चार दिवस. परत आल्यावर मी मोठ्या उत्सुकतेनं विचारलं, लालबाग पाहिलीस का? नाही. मेट्रोत बसलास? नाही. विधानसौध? बसमधनं दिसला असावा. मग चार दिवस केलंस काय? "बसलो हुतो की गच्चीत," तो म्हणाला. पहिल्या दिवशी केरळचा आला, दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे दोघे आले, तिसऱ्या दिवशी घरमालकाचा जावई खुर्ची घेऊन आला. चौथ्या रात्री कुणी उठायला तयार नव्हतं. बेंगळुरूत राहून अनेक वर्षांत जे जमत नाही ते यानं चटणीच्या जोरावर चार रात्रींत उभं करून ठेवलं, हे मला त्याच्याबद्दल आदरानंच सांगायला हवं. त्याला धक्का बसला तो एकाच गोष्टीचा. सकाळी टँकर आला नाही, तर बारक्या गॅलरीत उभा राहून फोनवर कुणालातरी "नीरु बंदिल्ला, नीरु बंदिल्ला" म्हणून झाडत होता. "आमचा बारक्या! मोठ्या आवाजात! ते बी कन्नडमधनं!"

सगळ्यात जास्त गट्टी जमली ती बालेश्वरच्या पोराशी. तो घरून काम करतो, आठवड्यातून एखादा दिवस ऑफिसात जातो. हे कळल्यावर सरकारच्या डोक्यात जे शिरलं ते आता निघता निघत नाही. घरूनच काम करायचं तर एवढं डिपॉझिट भरून बेंगळुरूत कशाला बसायचं? त्यापेक्षा त्यानं कोल्हापूरला यावं. केरळच्यानंही यावं. जागा सरकार बघणार, जेवण बंटीच्या घरी सांगितलंय, दूध गंगावेशीत समोर म्हैस पिळून. नवीन लग्नपत्रिका मिळाली आहे आणि परवा मला तिच्यामागचा जमाखर्च दाखवलासुद्धा.

मी विचारलं, "मग येतोय का तो?"

"येतोय म्हणालाय," सरकार म्हणाला. "फक्त त्याची आई विचारालीया, आणखी कोण कोण चाललंय."