अण्णांची नाईट

अण्णांना ऑफिसात 'आर्टिस्ट' म्हणतात आणि ऑर्केस्ट्रात 'साहेब'. दोन्हीकडचे लोक चेष्टेनंच म्हणतात, पण अण्णांनी दोन्ही किताब गंभीरपणे घेतलेत. सांगलीला पाटबंधारे खात्यात ते आवक-जावक बघतात. तिथं त्यांच्या डाव्या हाताची बोटं टेबलाच्या काचेवर सतत कुठल्या ना कुठल्या गाण्याचे कॉर्ड दाबत असतात, आणि पाणीपट्टीचा अर्ज घेऊन आलेल्या शेतकऱ्याला अंतऱ्याआधीचा पीस संपेपर्यंत उभं राहावं लागतं. रात्री स्टेजवर हाच माणूस कीबोर्डच्या पेटीतून पावतीपुस्तक, कार्बन, स्टँपपॅड आणि सुतळी काढतो, आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी सगळ्या वादकांच्या सह्या घेतो. आल्याच्या वेळेसकट.

हा प्राणी दुर्मीळ नाही. कृष्णाकाठच्या कुठल्याही ऑर्केस्ट्राची हजेरी घ्या. ऑक्टोपॅडवर एसटी डेपोतला मेकॅनिक, ढोलकीवर हायस्कूलचा शिपाई, बेस गिटारवर पतसंस्थेचा वसुलीवाला (त्याला बघून कधी कधी पहिली रांग उठून मागं जाते), आणि किशोरकुमार म्हणून मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा एक जण, जो चहा मागतानाही खर्जातच मागतो. यांतला प्रत्येक जण 'सध्या नोकरी करतो' असं सांगतो. रिटायर व्हायला दोन वर्षं उरलेली असली तरी सध्याच.

"पण अण्णा, सरकारी नोकरीत हे चालतं का हो?" असं कुणी विचारलं की अण्णांचा चेहरा खुलतो. ते चष्मा पुसून घेतात. "महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९. धंदा करता येत नाही. पण साहित्य, कला, शास्त्र यांतलं प्रासंगिक काम करता येतं. ऑफिसच्या कामात खोट आली नाही म्हणजे झालं." गणपतीच्या दहा दिवसांत हा प्रसंग रोज रात्री येतो, नवरात्रात नऊ रात्री येतो, आणि मार्गशीर्षापासून पुढं गावोगावच्या जत्रांत तो इतक्यांदा येतो, की अण्णांची किरकोळ रजा नोव्हेंबरच्या आतच संपलेली असते. पोस्टरवर मात्र ते आपलं आडनाव येऊ देत नाहीत. 'कीबोर्ड : अण्णा', एवढंच. त्यामुळं तालुक्यात सगळे त्यांना ओळखतात आणि खात्याला अधिकृतपणे काही माहीत नाही.

राहायला अण्णा मिरजेत. ज्या गावात अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, त्यांच्या नावानं दर्ग्यात अजून रात्ररात्र गाणं होतं, जिथल्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या गावात कीबोर्ड वाजवून मान मिळवायचा म्हणजे सोपं नाही. सतारमेकर गल्लीतले एक वयस्क कारागीर एकदा अण्णांचं यंत्र बघायला आले. चारी बाजूंनी बघितलं, वाकून खालून बघितलं.

"सुरात लावता कसं हे?"

"लावावं लागत नाही, चाचा. लावलेलंच येतं."

चाचा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग तुम्ही काय करता?"

हा प्रश्न अण्णांच्या जिव्हारी लागला, कारण तोच प्रश्न वहिनी दर महिन्याच्या एक तारखेला विचारतात. पहिलं कॅसिओ अण्णांनी लग्नाच्या आहेरातून घेतलं. आताचं रोलँड ऑफिसच्या पतपेढीतून कर्ज काढून आणलं, आणि कर्जाच्या अर्जावर कारण लिहिलं 'घरदुरुस्ती'. स्वयंपाकघराचं छत अजून गळतं. अण्णांच्या रोलँडमध्ये पावसाचाही आवाज भरलेला आहे. त्यामुळं जून महिन्यात वहिनी आतून ओरडतात, "हा खरा आहे का पेटीतला, ते सांगा, म्हणजे बादली लावते!"

कीबोर्डच्या बटणांवर अण्णांनी कागदाच्या पट्ट्या चिकटवल्यात, फायलीच्या पाठीवर लिहितात त्या वळणदार अक्षरात: 'बासरी (जुनी)', 'बासरी (हल्लीची)', 'व्हायलिन : दुःख', 'व्हायलिन : लग्न', 'घोडा'. एका बटणावर नुसतंच 'नको' लिहिलंय. ते दाबल्यावर काय होतं ते मी विचारलं नाही, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून विचारू नये असंच वाटलं.

ऑर्केस्ट्रा ऐकायला येणारा माणूस गायकाला ऐकतो आणि गायिकेला बघतो. दोन कडव्यांच्या मधला पीस वाजत असताना तो शेंगा सोलतो. अण्णा आयुष्यभर जगले ते त्या शेंगा सोलण्याच्या वेळात. त्यांचं दैवत केरसी लॉर्ड. 'आराधना' मधल्या त्या पावसाळी रात्रीच्या गाण्यातलं अकॉर्डियन १९६९ साली या पारशी बावाजीनं वाजवलं, आणि अण्णांच्या मते त्या गाण्यात बाकी सगळे नुसते सोबतीला आहेत. अण्णांकडे अकॉर्डियन नाही. ते बटण दाबून त्याचा आवाज काढतात, पण आवाज काढताना डावा खांदा आतबाहेर करत भाता ओढतात. नसलेला भाता ओढल्यामुळं त्यांचा डावा खांदा दुखतो. डॉक्टरनं 'वजन उचलता का?' विचारलं तेव्हा ते "अकॉर्डियन," एवढंच म्हणाले.

एक गोष्ट मात्र त्यांनी आमच्या भागात रुजवली. कुठल्याही जत्रेत साडेनऊच्या सुमारास मागून आरोळी येतेच, "ओ अण्णा, नागिन लावा की!" अण्णा सुरुवात करण्याआधी माइक हातात घेतात. "मित्रहो, १९५४ सालचा चित्रपट. संगीत हेमंतकुमार. पण जी पुंगी ऐकून तुम्ही नाचता, ती पुंगी नव्हतीच! ते क्लॅव्हिओलिन. विजेवर चालणारं, पट्ट्यांचं वाद्य. वाजवणारे कल्याणजी. जोडीला हार्मोनियमवर रवी. म्हणजे मूळचं हे आपलंच—" इथंवर येईतो समोर तिघे जमिनीवर लोळायला लागलेले असतात, एकानं तोंडात रुमाल धरलेला असतो आणि सरपंचांचा पुतण्या दोन्ही हातांचा फणा करून स्टेजवर चढू बघत असतो. अण्णांचं शेवटचं वाक्य आजवर कुणी ऐकलेलं नाही. तरी ते प्रत्येक गावात पहिल्यापासून सांगतात. मला वाटतं, अण्णांना नुसतं वाजवायला सांगितलं असतं तर ते केव्हाच कंटाळले असते. सांगायला मिळतं म्हणून ते वाजवतात.

अण्णांचं एक गुपित सगळ्या वादकांना माहीत आहे. त्यांना फक्त पांढरी एक येते. बाकी सगळ्या पट्ट्या ते 'ट्रान्स्पोज'चं बटण दाबून गाठतात. बोटं तिथंच, यंत्र वर चढतं. यात लाजण्यासारखं काही नाही, निम्मा महाराष्ट्र असाच वाजवतो. पण जत तालुक्यातल्या एका जत्रेत भर गाण्यात लाइट गेली. जनरेटर सुरू झाला, लाइट आली, कीबोर्ड पुन्हा चालू झाला, आणि चालू होताना तो ट्रान्स्पोज विसरला. गायिका काळी चारमध्ये होती ती तिथंच राहिली, अण्णा पांढरी एकला परतले. वसुलीवाला बेसवर काळी चार सोडेना, कारण सोडून देणं त्याच्या स्वभावात नाही. अख्खं एक कडवं दोन वेगवेगळ्या गावांतून एकाच वेळी ऐकू येत होतं. संपल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. गायिकेनं अण्णांकडे बघितलं. अण्णांनी खाली वाकून वायर तपासली. टाळ्या लाइट आल्याबद्दल होत्या हे दोघांनाही कळलं होतं.

वेळेचं म्हणाल तर पोस्टरवर 'सायं. ठीक ७ वा.' असतं. सातला सतरंज्या येतात. आठला माइक येतो. पावणेनऊला आमदार येतात, किंवा येत नाहीत, आणि न आलेल्या आमदारांची वाट बघण्यात जास्त वेळ जातो. मग सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा, आणि ज्यांचा राहून गेला ते रुसू नयेत म्हणून आणखी काही सत्कार. खुर्चीपासून नारळापर्यंत चालत येणाऱ्या प्रत्येकासाठी अण्णांना स्वागताची धून वाजवावी लागते, आणि ज्येष्ठ नागरिक असतील तर ती तीनतीनदा फिरवावी लागते. प्रत्यक्ष ऑर्केस्ट्राच्या वाट्याला उरतात चाळीस मिनिटं. दहाच्या ठोक्याला हवालदार स्टेजच्या कडेला येऊन उभे राहतात.

इथं अण्णांमधला कारकून जागा होतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १८ जुलै २००५ चा. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. मात्र वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. या पंधरा दिवसांची कलेक्टर कचेरीची यादी अण्णांच्या पेटीत झेरॉक्स करून, लॅमिनेट करून ठेवलेली असते. यादीत तो दिवस असेल तर ते हवालदारांना ती वाचून दाखवतात, नसेल तर स्वतःच पहिल्यांदा वायर काढतात. मंडळाची पोरं चिडतात. "अण्णा, तुम्ही आमच्याकडनं का पोलिसांकडनं?" अण्णा वायर गुंडाळत सांगतात, "मी शासनाकडून."

मग नाईट. वादकाच्या एका रात्रीच्या बिदागीला आमच्यात नाईट म्हणतात. सुपारी ठरते तेव्हा इसार मिळतो, बाकी कार्यक्रम झाल्यावर. कार्यक्रम झाल्यावर खजिनदार सापडत नाही. तो 'आत्ता इथंच होता'. अध्यक्ष म्हणतात खजिनदाराकडे आहेत, खजिनदाराचा भाऊ म्हणतो अध्यक्षांकडे आहेत. तोवर वादकांसमोर मसालेभात आणि जिलेबी येते, आणि खाल्ल्या मिठाला जागून कुणी फार बोलत नाही. अण्णा मात्र पावतीपुस्तक उघडून स्टेजच्या पायरीवर बसून राहतात. पाच हजारांच्या वरच्या पावतीलाच रेव्हेन्यू स्टँप लागतो. अण्णांची नाईट त्या आकड्याच्या जवळपासही कधी फिरकलेली नाही. तरी ते रुपयाचा स्टँप जिभेवर ओला करून चिकटवतात आणि त्यावर आडवी सही करतात. त्या सहीसाठी लागणारा रुपया ते स्वतःच्या खिशातून घालतात.

पहाटे तीनला ट्रॅक्स गल्लीत येते. स्पीकरच्या खोक्यांवर झोपलेल्या पोरांना ओलांडून अण्णा उतरतात, दाराशी कीबोर्ड आडवा धरून आत नेतात आणि दहाला ऑफिसात हजर असतात. शिकवण्याही घेऊन झाल्या. अँथनी गोन्साल्विस या माजोर्ड्याच्या व्हायलिनवाल्याचं नाव प्यारेलालजींनी १९७७ साली एका गाण्यातून घराघरात पोचवलं, कारण ते त्यांचे गुरू होते, ही गोष्ट अण्णा प्रत्येक नव्या शिष्याला पहिल्याच दिवशी सांगतात आणि मग त्याच्याकडे आशेनं बघतात. एक शिष्य इंजिनियरिंगला गेला. एकाचा हात चांगला होता, तो डीजे झाला. त्याचा ट्रक गल्लीतून जातो तेव्हा अण्णांच्या कपाटातल्या काचेच्या बरण्या हलतात. "आमचाच विद्यार्थी," अण्णा बरण्या धरून सांगतात.

हल्ली मंडळं ट्रॅक लावा म्हणतात. पेन ड्राइव्हवर सगळं तयार मिळतं, वादकांनी नुसते हात हलवायचे. ऑक्टोपॅडवाल्यानं हे आनंदानं मान्य केलं, तो आता हात हलवता हलवता मोबाइल बघतो. अण्णांनाही करावं लागतं. पण ते कीबोर्डचा आवाज बंद ठेवून खाली सगळे पीस खरेखुरे वाजवतात, आणि चुकले तर जीभ चावतात.

एक जागा अशी आहे जिथं ट्रॅक चालत नाही: कलाकारांची ओळख. निवेदक "आणि ढोलकीवर साथ करताहेत..." म्हणत असतो तेव्हा मागं अण्णा एक धून वाजवतात. छान आहे, थोडी वळणावळणाची, शेवटी अनपेक्षित खाली उतरते. वर्षानुवर्षं प्रत्येक कार्यक्रमात हीच. कुणी विचारलं की अण्णा सांगतात, "पंचमची आहे. पिक्चर डब्यात गेला." लोक कानाला हात लावतात. वहिनींनी एकदा माझ्यासमोर भांडं फोडलं. "कसला पंचम! मोठीच्या बारशाला स्वतः बसवलीय ह्यांनी. पाळणा हलवत हलवत. स्वतःची आहे म्हणून सांगायला काय होतं ह्यांना?" अण्णा इकडंतिकडं बघायला लागले. मग म्हणाले, "माझी म्हटलं तर ऐकतील का?"

यंदा मे महिन्यात अण्णांना अठ्ठावन्न पुरी झाली. ऑफिसनं निरोप समारंभ ठरवला आणि ऑर्केस्ट्राही ठरवला, अण्णांचाच. साहेब अण्णांच्या सचोटीबद्दल बोलायला उभे राहिले तेव्हा अण्णा सत्काराच्या खुर्चीवरून उठले, कीबोर्डमागं गेले आणि स्वतःच्या स्तुतीला स्वतःच पार्श्वसंगीत द्यायला लागले. तीच धून. साहेब भाषण थांबवून मागं वळले.

"अण्णा, ही कुठली हो? फार छान आहे."

वहिनी दुसऱ्या रांगेत ताठ होऊन बसल्या. मीही. अण्णांनी साहेबांकडे बघितलं, वहिनींकडे बघायचं टाळलं.

"पंचमची, साहेब. पिक्चर डब्यात गेला."

"तरीच!" साहेब म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनींनी कपाळाला हात लावला. समारंभ संपल्यावर हेडक्लार्कनं अण्णांच्या हातात पाकीट ठेवलं. अण्णांनी पेटी उघडून पावतीपुस्तक काढलं, कार्बन सरळ केला, जिभेवर रुपयाचा स्टँप ठेवला आणि तो न पडू देता विचारलं, "ऑफिशच्या नावानं फाडू का श्टाफच्या?"