पिशोरच्या दक्ष नागरिकास अनावृत पत्र

मा. दक्ष नागरिक, मु. पो. पिशोर, ता. कन्नड, यांसी



बोटभर अँटेनाची हँडी, म्हणजे छोटा रेडिओ संच, हातात धरून कोणी बाजारपेठेतून बोलत चालला, की गावाच्या संरक्षणाची जबाबदारी आपल्या एकट्याच्या खांद्यावर येते, हे आम्ही जाणून आहोत. तो कोण, कुठला, कोणाशी बोलतोय, हे त्याला एका शब्दाने न विचारता आपण चहाच्या टपरीवर ठरवून टाकता. पोलीस म्हणावा तर अंगावर गणवेश नाही. मग उरला चोरांचा साथीदार, नाहीतर परदेशी हेर. हेराने पिशोरला येऊन काय करायचे, मक्याचा भाव काढायचा की अंजना नदीचे पाणी मोजायचे, असले क्षुल्लक प्रश्न आपल्याला पडत नाहीत.

आपला मुख्य पुरावा म्हणजे त्याची भाषा. ‘व्हिक्टर, युनिफॉर्म, थ्री’ हे शब्द कानावर पडले की आपली खात्रीच पटते. महाराज, ती त्याला सरकारने दिलेल्या नावाची सुरुवात आहे. व्ही आणि यू ही भारतातल्या हौशी रेडिओची अक्षरे, तीन हा आकडा कनिष्ठ श्रेणीच्या परवान्याचा. आवाजाच्या खरखरीत अक्षरे चुकीची ऐकू जाऊ नयेत म्हणून ती अशी फोडून सांगतात. 1978 च्या नियमांप्रमाणे त्याला बोलण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी हे नाव सांगावेच लागते. गुप्त भाषा वापरायची नाही, धंद्याचे बोलायचे नाही, आणि त्या फ्रिक्वेन्सीवर कान लावणाऱ्या कोणालाही सगळे ऐकू जाते. हेरगिरीसाठी हे साधन निवडणारा माणूस पाठीवर आधार क्रमांक रंगवून फिरणाऱ्या पाकीटमाराइतकाच हुशार म्हणायचा.

आपण म्हणाल, अतिरेकीही अशीच यंत्रे वापरतात. नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईत घुसलेले दहा जण आपल्या सूत्रधारांशी मोबाइलवरून बोलत होते. म्हणून मोबाइल धरलेल्या माणसाला आपण कधी अडवले? तसे केले तर सुरुवात स्वतःच्या खिशापासून करावी लागेल. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे: असले संच ऑनलाइन सर्रास विकले गेले, परवाना लागतो हे गिऱ्हाइकाला कोणी सांगितले नाही, आणि म्हणूनच 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्या विक्रीवर मार्गदर्शक तत्त्वे काढावी लागली. मान्य. पण त्यावर उपाय परवाना पाहण्याचा आहे आणि तो पोलीस पाहतील. घोळका जमवणे, चोरून फोटो काढणे, ‘संशयित फिरतोय, सावध राहा’ असे लिहून तो पाच ग्रुपांवर टाकणे, हे कोणत्या कायद्यात बसते?

कारण हसण्यावारी न्यायची गोष्ट इथेच संपते. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते. मुले पळवणारी टोळी आल्याचा मेसेज त्यांच्या आधी पोहोचला होता. त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेचून मारले. त्यांच्या हातात कसलेच यंत्र नव्हते. यंत्र मारणाऱ्यांच्या खिशात होते, आणि ते वापरायला परवाना लागत नाही. अनोळखी माणूस दिसला की आधी निकाल आणि मग चौकशी, ही सवय माणसे मारते. तिला दक्षता म्हणू नका.

तरी सगळा दोष आपल्या माथी मारणे बरोबर नाही. ‘सतर्क राहा’ असे फलक आपल्याला स्टँडपासून बँकेपर्यंत जागोजागी दिसतात. हौशी रेडिओ म्हणजे काय, हे सांगणारा एकही दिसत नाही. 2001 च्या भूकंपानंतर भुजमध्ये फोन मुके झाले तेव्हा हौशी रेडिओवाल्यांनी, आणि डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअरहून हौशी रेडिओचालक भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, याच छंदाच्या बळावर निरोप पोहोचवले, हे आपल्याला कोण सांगणार? आपल्याच तालुक्यातला घाट 31 ऑगस्ट 2021 ला दरडी कोसळून बंद पडला होता. अशा दिवशी मोबाइलचा टॉवरही गेला, तर पाच वॉटची हँडी डोंगरापलीकडे पोहोचेलच असे नाही. उंचावर उभा राहून निरोप पुढे देणारा मधला माणूस लागतो. तो एका दिवसात तयार होत नाही. त्याला एरवी रस्त्यातून फिरत, कुठून आवाज जातो आणि कुठे तुटतो, हे तपासत बसावे लागते. आपण ज्याला संशयास्पद हालचाल म्हणता, ती हीच.

शेवटी एक विनंती. दुसऱ्यांचे बोलणे तासन्‌तास कान देऊन ऐकण्याची आपली चिकाटी या छंदाला फार उपयोगी आहे. रेडिओच्या शास्त्राची आणि नियमांची परीक्षा द्या. अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर करता येतो. वय 12 वर्षे पूर्ण लागते. ती अट आपण पुरी केली असावी, निदान कागदोपत्री तरी.

कळावे,
आपला एक संशयित