दोराला हात लावणारे अण्णा

देवबागला एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे माडांखाली घरांची चिंचोळी पट्टी. इथे मासे पकडणारे पुष्कळ. मासे कसे पकडावेत हे सांगणारे मात्र अण्णाच. तसे आचऱ्याला, वेंगुर्ल्याला, पार दाभोळपर्यंत प्रत्येक खाडीवर एकेक अण्णा असतातच. त्यांना नेमतं कोण, कुणास ठाऊक. पण जागा रिकामी राहिलेली कुणी पाहिलेली नाही.

चहा झाला की अण्णा नदीकाठी, पालथ्या घातलेल्या होडीच्या सावलीत बसतात. मनगटावरचं घड्याळ बंद असतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेला हिशोब अण्णा रोज नव्याने शोधून काढतात. ‘‘आज पंचमी. पावणेचाराक भरती!’’ पावणेचारला पाणी चढतंही, आणि त्याचं श्रेय चंद्राला द्यायला अण्णा तयार नसतात. ‘‘पंचमीची भरती कळता, चुलीची लाकडां संपली ता कळना नाय,’’ असं काकू आतून म्हणतात. त्या वेळी अण्णांना वाऱ्यामुळे ऐकू येत नाही.

वाऱ्यावर त्यांचा विशेष अधिकार. ‘‘आज जाळा घालू नको. वारो फिरलो.’’ पोरं तरी जातात आणि टोपल्या भरून येतात. ‘‘मी सांगलंय तेव्हा फिरलेलो. मगे परत फिरलो!’’

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. हे दोन महिने अण्णांना फार मानवतात. सगळी वाडी आपल्यासारखीच काठावर बसलेली बघून त्यांना भरून येतं. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होड्या वल्हवत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात, हे ऐकल्यावर मात्र ते चिंतेत पडले. ‘‘बायकाच वल्हवूक लागल्यो, तर पुरुषांनी करूचा काय?’’ अण्णांनी स्वतः वल्हं शेवटचं कधी धरलं, हे विचारण्याइतकं वय वाडीत कुणाचंच नाही.

त्यांचा खरा कस लागतो तो रापणीला. होडी जाळं समुद्रात अर्धगोल सोडून येते, दोन्ही टोकांचे दोर काठावर आणतात आणि माणसं दोन रांगांत ओढायला लागतात. तळवे सोलून निघतात, टाचा वाळूत रुततात. एवढा वेळ अण्णा कुठेच दिसत नाहीत. जाळं जवळ आलं, पाणी चमचमायला लागलं, वर घारी घिरट्या घालू लागल्या, की ते धोतराचा सोगा खोचत दोराच्या अगदी शेपटाला हजर! दोन बोटं दोरावर, आणि आवाज मात्र साऱ्या रापणीला पुरेल असा. ‘‘वडा रे, वडा! ढिलो सोडू नको!’’

ज्याने दोर ओढला त्याला वाटा, हा रिवाज. वाटे घालणारा हसत हसत चार बांगडे अण्णांपुढे टाकतो. अण्णा त्यातला एक उचलतात, उलटसुलट बघतात, परत ढिगात ठेवतात आणि मोठा निवडून घेतात.

घरी काकू विचारतात, ‘‘कोणी दिल्यान?’’

‘‘दिल्यान नाय गो,’’ अण्णा कमरेला हात लावत पडवीत टेकतात, ‘‘वडून काढलंय.’’