प्रिंटरकडे मजकूर धाडण्याची रीत

मृगाचे नक्षत्र जवळ आले आणि पीककर्जासाठी सातबाऱ्याची नक्कल मागणाऱ्या खातेदारांची रांग अकोल्यापासून अचलपुरापर्यंतच्या कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर येऊन बसली, की ज्या कारकुनाच्या शिरावर संगणक आणि सुयांचा प्रिंटर या विजोड दांपत्याचा संसार चालविण्याची जबाबदारी येऊन पडते, त्याच्या उपयोगासाठी हे चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. ज्यांना हे ज्ञान उपजतच आहे त्यांनी वाचण्याची तसदी घेऊ नये.

प्रथम उभयतांचे स्वभाव ओळखावेत. संगणक हा सभेतला वक्ता, प्रिंटर हा बिचारा नकलनवीस. ९६०० बॉडच्या तारेवरून संगणक सेकंदाला ९६० अक्षरे बोलतो. नकलनवीस फार तर दोनशे उतरवितो. उरलेली ७६० त्याने आपल्या बफर नामक खिशात कोंबावी अशी अपेक्षा असते. परंतु खिसा ८१९२ अक्षरांचा असेल तर अकरावे सेकंद संपण्यापूर्वीच तो ओसंडतो, आणि मग पुढचा मजकूर कोणत्याही दप्तरात नोंद न होता अंतर्धान पावतो.

हे गणित ज्यास रुचत नसेल त्याने मूर्तिजापूरचे स्टेशन आठवावे. एके काळी मुंबई-हावडा मार्गाची रुंद गाडी तेथे थांबे, आणि अचलपुरास निघालेले एखादे लग्नाचे वऱ्हाड, वळकट्या, ट्रंका, आहेराची भांडी आणि वाटेतच रुसलेला व्याही यांसह फलाटावर उतरे. आणि पलीकडे अडीच फुटी रुळांवर उभी असे आपली शकुंतला नावाची चिमुकली गाडी, जिला घाई म्हणजे काय हे कोणी कधी शिकविलेच नव्हते. वऱ्हाडातले हे वऱ्हाड तिच्या इवल्या डब्यांत एकदम रिचवता येणे अशक्य. म्हणून मधल्या मुसाफिरखान्यात ते बसवून ठेवायचे आणि जसजशी जागा होईल तसतसे चढवायचे. मुसाफिरखानाही भरला, तर स्टेशनमास्तराने मागून येणाऱ्या गाडीस सिग्नल न देता बाहेरच खोळंबवायचे. एवढ्याच व्यवस्थेस सॉफ्टवेअरच्या शास्त्रात प्रवाहनियमन असे भारदस्त नाव आहे. (कापसाच्या गाठींचा प्रवास उलट दिशेने, लहान गाडीतून मोठीत होई, हे मला ठाऊक आहे, जाणकारांनी पत्रे पाठवू नयेत.)

आता कृती. प्रिंटरास 'थांब' म्हणण्याचा अधिकार बहाल करावा. याचे मार्ग दोन. पहिला तारेचा: समांतर केबलीच्या अकराव्या पिनेवर 'बिझी' नावाची खूण असते, ती उठलेली असेतोवर संगणकाने एक अक्षरही धाडायचे नाही. दुसरा मार्ग फर्मानाचा: प्रिंटर उलट दिशेने १९ क्रमांकाचे अक्षर पाठवितो, त्यास एक्स-ऑफ म्हणतात; जागा झाली की १७ क्रमांकाचे, ते एक्स-ऑन. मात्र फर्मान पोहोचून त्याची तामिली होईपर्यंत काही मजकूर वाटेत असतोच, म्हणून शहाणा प्रिंटर खिसा काठोकाठ भरण्याची वाट पाहत नाही. पुरणपोळीवर तूप वाढणाऱ्या वऱ्हाडी यजमानापुढे जो धार सुरू झाल्यावर पानावर हात आडवा धरतो, त्याच्या हातावरच तूप पडते. दोन्हीकडे पद्धत एकच नेमावी; संगणकास फर्मानाची आणि प्रिंटरास तारेची सवय लावली, तर दोघेही आपापल्या परीने बिनचूक वागतात आणि काम बुडते.

एका कचेरीत (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) काटकसर म्हणून परतीची तारच जोडलेली नव्हती. प्रिंटर एक्स-ऑफचा आक्रोश करी. ऐकणारे कोणी नव्हते. मजकूर रोमन लिपीत असता तर चार अक्षरे गळाली असती आणि एखादा सहहिस्सेदार कागदावरून नाहीसा होऊन भाऊबंदकीचा निकाल परस्पर लागला असता. पण त्या प्रिंटरास देवनागरी अवगत नसल्यामुळे ती चित्र म्हणून पाठवावी लागे. २४ सुया, इंचाला १८० ठिपके आणि इंचात दहा अक्षरे असा हिशेब धरला तर एका अक्षरामागे ५४ बाइट खर्ची पडतात. त्यातले थोडे गळाले, की प्रिंटर ती तूट पुढच्या ओळीतून भरून काढतो आणि उरलेले चित्र मजकूर समजून छापू लागतो. अशी एक नक्कल हाती घेऊन एक वृद्ध खातेदार बराच वेळ निरखत राहिले आणि म्हणाले, "हे मोडी हाये बाप्पा, आमच्या आज्याले येत होती." ती नक्कल त्यांनी आदराने घडी करून धोतराच्या सोग्यात बांधली.

शेवटची बाब स्पूलरची. हा संगणकाच्या पोटातला मुसाफिरखाना. कागद निघेना म्हणून कळ पुन्हा पुन्हा दाबणे हा मानवी धर्म असला, तरी प्रत्येक दाबणीची रुजुवात तेथे होते. प्रिंटर बंद करून चालू केल्याने रांग विसर्जित होते हा समज निराधार आहे. रांग संगणकात शाबूत राहते, तेथेच जाऊन ती रद्द करावी लागते. वर सांगितलेल्या कचेरीत त्याच दिवशी, परतीची तार जोडल्यावर, एकाच गटाच्या सतरा नकला सलग बाहेर पडल्या.

सबब, कागदाच्या कडेची भोके प्रिंटरच्या दात्यांवर नीट बसवावीत, परतीची तार तपासावी, आणि कळ एकदाच दाबावी.