माणदेशी माणसाने समुद्रात गळ कसा टाकावा

दहिवडी-म्हसवडकडे वर्षाला सुमारे 500 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही पडला तर. तिथला माणूस मालवणला होडीतून गरवायला निघाला की भाऊबंद त्याला आधी देवऋषाकडे जाऊन यायला सांगतात. ऐकून घ्यावे आणि निघावे. सराव हवाच असेल तर इंग्रजांच्या काळातल्या राजेवाडी तलावावर करावा. पाणी असेल त्या साली.

जाताना नदीच्या कडेने जाऊ नये. माणगंगा कुळकजाईच्या डोंगरात उगम पावते, समुद्राला पाठ दाखवून पूर्वेला जाते, सरकोलीजवळ भीमेत शिरते आणि शेवटी कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात. तिच्या भरवशावर निघालेला आंध्रात पोचेल. आपण कोल्हापूर गाठून फोंडा घाट उतरावा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. तसेही त्या दिवसांत आपण पेरणीसाठी आभाळाकडे बघत असतो.

होडीत तांडेलाचा शब्द शेवटचा. माजी सरपंचपद किनाऱ्यावर काढून ठेवावे, लाइफ जॅकेट अंगावर घालावे. एवढे पाणी बघून ‘ही योजना कुणाच्या काळात मंजूर झाली?’ असे विचारू नये. आपल्याकडे उरमोडी धरणाचे पाणी आले तरी पूजनाला दोन गट आणि दोन नारळ. इथे नारळी पौर्णिमेला नारळ वाहतात आणि श्रेय कुणीच घेत नाही.

मळमळले तर क्षितिजाकडे बघावे. माळावर वाढलेल्याला त्याची सवय आहे, मध्ये झाड येत नाही.

गळाला कोळंबी लावून दोरी सोडावी. शिसे तळाला टेकले की दोरी सैल पडते. तिथून हातभर वर उचलून धरावी. खडकाळ जागी गोबरा लागतो आणि लागताच कपारीत शिरायला बघतो, म्हणून पहिली ओढ आपली हवी. ‘काकानू, दोरी हाताक गुंडाळू नका,’ असे तांडेल सांगेल. ते ऐकावे. उधळलेल्या खोंडाचा कासरा मनगटाला बांधून फरफटलेला एक तरी माणूस प्रत्येक गावात असतो, कारण त्याला विचारावे.

मग काहीच होत नाही. पुण्या-मुंबईचे पाहुणे इथे कासावीस होतात, मोबाइल काढतात, पैसे वसूल झाले का याचा हिशेब मांडतात. आपल्याला हा भाग शिकवावा लागत नाही. मृगापासून हस्तापर्यंत एकेका नक्षत्राची वाट पाहिलेली माणसे आपण. टँकरची वाट पाहिली ती वेगळीच. तांडेलाला कारण विचारले तर तो म्हणेल, ‘आज पाण्याक ओढ जास्त आसा.’ हे उत्तर सोळा आणे खरे असते आणि त्यातून काहीही कळत नाही. तरी मान डोलवावी.

रिकाम्या हाताने उतरलात तर बंदरावरच्या मासेवाल्या मावशींकडून मासा घ्यावा, बर्फात घालून गावी न्यावा. मात्र अख्खा बांगडा घ्या, सुरमईच्या तुकड्या नकोत. गळाला तुकड्या लागत नाहीत, एवढे म्हसवडातही कळते.